मधुमेह : एक नाव आणि दोन रोग



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. त्या प्रथेचे लोण आपल्या बीबीसारख्या गावापर्यंत येऊन पोचले, ही आनंदाची गोष्ट आहे. अशा व्यासपीठावर इतिहास बोलला जातो, संतवाङ्मय बोलले जाते, देशाचे राजकारण बोलले जाते. डॉक्टराला सहसा कोणी बोलावीत नाही, आणि बोलावले तरी श्रोत्यांच्या मनात धाकधूक असते की, आता हा आपल्या ताटातले पदार्थ काढून घेणार. त्यात हे दिवस आंब्याचे. तेव्हा प्रारंभीच सांगून टाकतो की आज मी पथ्यांची यादी वाचायला आलेलो नाही. मला एक साधी गोष्ट सांगायची आहे. ज्याला आपण सरसकट 'शुगर' म्हणतो तो एक रोग नाही. त्या नावाखाली निदान दोन अगदी निराळे रोग आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला सांगितला तर माणूस दगावतो.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका खेड्यातील बारा वर्षांची मुलगी बेशुद्धावस्थेत आणली गेली. श्वास खोल आणि भराभर चाललेला, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, जीभ कोरडी ठक्क. तिला मधुमेह आहे हे वर्षभरापूर्वीच कळले होते आणि रोज इन्सुलिनची सुई चालू होती. मग झाले काय? तिच्या चुलत्यालाही मधुमेह होता. त्याने चहातली साखर सोडली, रोज पहाटे दोन कोस चालायला लागला, कारल्याचा रस घेऊ लागला, आणि त्याची साखर खरोखरच उतरली. त्याने पुतणीच्या मायेपोटी भावाला सांगितले, "पोरीला कशाला जन्मभर सुया टोचता? माझं पहा." सुया बंद झाल्या. चौथ्या दिवशी पोर बेशुद्ध पडली. ती वाचली, हे तिचे नशीब आणि तिच्या आईचे. त्या माउलीने रात्री दोन वाजता गाडी मिळवून तिला तालुक्याला आणले. पण त्या चुलत्याला मी दोष कसा द्यावा? त्याने स्वतःला गुण आलेला उपाय सांगितला होता. त्याला एवढेच कोणी सांगितले नव्हते की, पुतणीचा रोग त्याचा नव्हे.

आता हा भेद काही पाश्चात्त्यांनी काल शोधून काढला असे समजू नका. लघवीला मुंग्या लागतात हे लक्षण चरकसंहितेत नोंदलेले आहे. सुश्रुताने तर प्रमेहाचे दोन प्रकार स्पष्ट केले. एक सहज, म्हणजे जन्माबरोबर आलेला, आणि दुसरा अपथ्यामुळे झालेला. पहिल्या प्रकारचा रोगी कृश, कोरडा, सदा तहानलेला. दुसऱ्या प्रकारचा स्थूल, पुष्कळ खाणारा, आणि अंथरुणावर किंवा आसनावर पडून राहण्याची आवड असलेला. आजच्या शास्त्रातील प्रकार याच्याशी तंतोतंत जुळतात असे मी म्हणणार नाही. प्राचीन ग्रंथात सगळेच होते असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला मला बसायचे नाही. परंतु रोग्याकडे डोळे उघडे ठेवून पाहणाऱ्या माणसाला हा भेद दिसला होता, एवढे मात्र मान्य केलेच पाहिजे. आधुनिक वैद्यकात तोच भेद प्रयोगाने दाखविला गेला तो १९३६ साली. हॅरॉल्ड हिम्सवर्थ नावाच्या इंग्रज डॉक्टराने रोग्यांना साखर आणि इन्सुलिन एकाच वेळी देऊन पाहिले. काहींची साखर झपाट्याने उतरली, काहींची इन्सुलिन देऊनही फारशी हलेना. म्हणजे काहींच्या अंगात इन्सुलिन नव्हते म्हणून अडले होते, आणि काहींच्या अंगाला इन्सुलिन जुमानतच नव्हते.

हे इन्सुलिन म्हणजे काय, हे ओलिताची शेती करणाऱ्याला समजवायला मला फार वेळ लागणार नाही. आपण भाकर खाल्ली, भात खाल्ला की पोटात त्याची साखर होते आणि ती रक्तात उतरते. रक्त म्हणजे भरून वाहणारा पाट. पण पाटाला पाणी आले म्हणून वाफे भिजतात काय? दारे धरणारा गडी लागतो. तो फावड्याने दार फोडतो तेव्हा कुठे पाणी वाफ्यात शिरते. आपल्या जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी आहे, तिच्यातल्या बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात. हे इन्सुलिन म्हणजे दारे धरणारा गडी. ते स्नायूंची आणि चरबीची दारे उघडते, साखर आत जाते; आणि यकृताला सांगते की तू आता आणखी साखर सोडू नकोस.

पहिल्या प्रकारच्या मधुमेहात हा गडीच नाहीसा होतो. शरीराचे रक्षण करणारी जी यंत्रणा रोगजंतूंशी लढते, तीच चुकून आपल्याच बीटा पेशींवर उलटते आणि त्यांचा नाश करते. पाट तुडुंब वाहतो आहे, काठ फुटून पाणी लघवीवाटे चालले आहे, आणि वाफे मात्र वाळून चालले आहेत. म्हणून असे मूल भरपूर खाते आणि तरी हडकत जाते. पूर्वी अंथरूण कोरडे ठेवणारे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते, रात्री चार वेळा उठून तांब्याने पाणी पिते. आणि उपाशी पेशी मग चरबी जाळू लागतात, त्यातून रक्तात आम्ल साचते. पोटात दुखते, उलट्या होतात, श्वास लागतो. आपल्याकडे यालाच कोणी अपचन म्हणते, कोणी बाहेरची बाधा म्हणते. आयाबायांनी एवढे लक्षात ठेवावे : फार तहान, फार लघवी आणि उतरत चाललेले वजन, या तीन गोष्टी लेकराच्या ठिकाणी एकत्र दिसल्या तर त्याच दिवशी साखर तपासून घ्यावी. उद्यावर ढकलू नये.

यात त्या मुलाचा काही अपराध नाही. आईने गोड खाऊ घातले म्हणून हे झाले, असे शेजारीण म्हणते, आणि ती माउली आयुष्यभर ते शल्य बाळगते. गोडाचा या प्रकाराशी संबंध नाही. आणि उपाय एकच, इन्सुलिन. १९२१ साली टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी ते काढले, आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचले गेले. पहिली सुई अशुद्ध औषधामुळे साधली नाही. जेम्स कॉलिप याने ते शुद्ध केले आणि बारा दिवसांनी पुन्हा दिले, तेव्हा मुलगा सावरला. त्याच्या आधीच्या काळी अशा मुलांना डॉक्टर जवळजवळ उपाशी ठेवीत, म्हणजे मरण थोडे लांबे. "इन्सुलिनची सवय लागते" असे जे म्हटले जाते त्याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. सवय आपल्याला भाकरीचीही आहे आणि श्वासाचीही आहे! जे शरीरात हवेच आणि तयार होत नाही, ते बाहेरून द्यावे लागते. त्यात व्यसन कसले?

मात्र आपल्या या भागात एक खरी अडचण आहे, ती उन्हाळ्याची. इन्सुलिन उष्णतेने निकामी होते. घरी फ्रीज असेल तर त्यात ठेवावे, पण बर्फाच्या खणात नव्हे. गोठलेले इन्सुलिनही वाया जाते. फ्रीज नसेल किंवा वीज जात असेल तर दोन मातीची मडकी घ्यावीत, मोठ्यात ओली वाळू भरावी, तीत लहान मडके बसवावे, त्यात कोरड्या डबीत औषध ठेवून वर ओले फडके टाकावे आणि मडके सावलीत, वाऱ्यावर असू द्यावे. माठातले पाणी ज्या नियमाने गार होते त्याच नियमाने औषध राखले जाते. आफ्रिकेच्या उष्ण देशांतही लोक हेच करतात. वावरात मोटारसायकलच्या डिकीत इन्सुलिन ठेवून दिवसभर काम करणारा गृहस्थ मी पाहिला आहे. तो तक्रार करीत होता की औषधात दम राहिला नाही.

आता दुसऱ्या प्रकाराकडे वळतो. तो अधिक मोठा विषय आहे, कारण मधुमेहाचे बहुतेक सगळे रोगी याच प्रकारचे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर जी मोठी पाहणी झाली तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणे देशात सुमारे १० कोटी १० लाख लोक मधुमेही आहेत, आणि आणखी साडेतेरा कोटींहून अधिक लोक उंबरठ्यावर उभे आहेत. या उंबरठ्यावरच्या लोकांविषयीच मला आज मुख्यतः बोलायचे आहे, कारण त्यांना अजून परत फिरता येते.

या प्रकारात दारे धरणारा गडी असतो. निदान सुरुवातीला असतो. पण वाफ्याची दारे गाळाने बुजलेली असतात. एक गडी पुरत नाही, मग दोन लावा, चार लावा, असे करता करता स्वादुपिंड दुप्पट-चौपट इन्सुलिन काढीत राहते. अशी पाच-दहा वर्षे निघून जातात आणि माणसाला पत्ताही नसतो. शेवटी गडी थकतात आणि मग पाट तुंबतो. दारे बुजविणारा हा गाळ कोणता? मुख्यतः पोटाच्या आत, यकृतात आणि स्नायूंत साठलेली चरबी.

इथे तुम्ही म्हणाल, "डॉक्टर, हे शहरातल्या लठ्ठ शेटजींना सांगा. आमच्या गावात चरबी कुणाच्या अंगावर आहे?" हा आक्षेप मी शंभरदा ऐकला आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातच मिळाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या एका प्रश्नाचा अनेक वर्षे पाठपुरावा केला आहे. त्यांचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापला गेला. दोघे शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानाने दोघांचे वजन एकसारखे, निर्देशांक दोघांचा २२.३. पाहणारा म्हणेल, दोघेही सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर इंग्रजाच्या शरीरात ९.१ टक्के, आणि आपल्या पुणेकर डॉक्टरांच्या शरीरात २१.२ टक्के! हातपाय बारीक, खांदे उतरलेले आणि सदऱ्याखाली मात्र एक छोटीशी गोल ढेरी, ही मूर्ती आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आरशात दिसते. म्हणून आपल्याकडे वजनाच्या काट्यापेक्षा शिंप्याची टेप अधिक खरे बोलते. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत असावी आणि स्त्रीची ८०च्या आत.

हे असे का झाले, याचा शोध घेता घेता ही मंडळी पाळण्यापर्यंत जाऊन पोचली. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनी गरोदर स्त्रियांचा अभ्यास आरंभला. त्या शेतकऱ्यांच्याच बायका होत्या, आपल्या गावातल्यासारख्या. त्यांच्या लेकरांचे जन्माचे वजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडात साउथॅम्प्टनला तेच साडेतीन किलो होते. आपली बाळे लहान, हाडकुळी. पण बारकाईने मोजले तेव्हा नवल दिसले. त्यांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, आणि कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ राखलेली. आईच्या पोटात जेव्हा पोषण कमी पडते तेव्हा गर्भ मिळेल ते चरबीच्या रूपाने राखतो आणि स्नायूंची, अवयवांची काटकसर करतो. दुष्काळात शेतकरी बैल विकतो आणि बियाणे जपतो, त्यातलाच हा प्रकार. अशा मुलाला पुढे आयुष्यभर काटकसरीचेच खाणे मिळाले तर फारसे बिघडत नाही. पण मोठेपणी चार पैसे येतात, मोटारसायकल येते, ताटात साखर-मैदा-तेल येते, आणि लहान स्वादुपिंडावर मोठ्या संसाराचा भार पडतो.

हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्नाचा पुरवठा तोडला, तेव्हा ज्या गर्भवती स्त्रियांची उपासमार झाली त्यांच्या मुलांच्या रक्तातील साखर पन्नाशीत तपासली गेली. इतरांपेक्षा ती चढी निघाली. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायांपैकी कित्येक पोटुशी होत्या. त्या पोटातली पिढी आज पन्नाशी ओलांडून गेली आहे. या सभेतही ती बसलेली असेल.

पुण्याच्या त्या अभ्यासातील एक निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यावर खर्च थोडा आहे. ज्या स्त्रिया गरोदरपणी हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार घेत होत्या त्यांची बाळे अधिक भरलेली निघाली. आणि ज्यांच्या अंगावर शेतातले, पाणी भरण्याचे, धुण्याचे अतिकष्ट होते त्यांची बाळे अधिक बारीक. तसेच पुष्कळ स्त्रियांच्या अंगात ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. हे जीवनसत्त्व वनस्पतीत नसते. ते दूध, दही, ताक, अंडी, मांस यांतून मिळते. घरात दूध असते, पण ते डेअरीला जाते, उरले तर चहाला, आणि त्यातूनही उरले तर पुरुषांच्या वाटीत. सून शेवटी जेवते. मधुमेह टाळायचा असेल तर सुरुवात सुनेच्या ताटापासून करावी लागेल, असे मी म्हटले तर सासवांनी रागावू नये.

गरोदरपणी काही स्त्रियांची साखर तेवढ्यापुरती चढते. त्यालाही मधुमेहच म्हणतात, आणि बाळंतपणानंतर बहुधा ती उतरते. पण अशा स्त्रीला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका पुष्कळ असतो. सरकारी नियमाप्रमाणे प्रत्येक गरोदर स्त्रीला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजून दोन तासांनी रक्त तपासतात. १४० किंवा त्याहून अधिक आले तर सांभाळावे लागते. ही तपासणी चुकवू नये आणि बाळंत झाल्यावर कागद फेकून देऊ नये. आणखीही काही विरळ प्रकार आहेत. स्वादुपिंडात खडे होऊन होणारा, घराण्यात उतरणारा, दम्यासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या फार दिवस घेतल्याने दिसणारा. लहानपणापासून कुपोषित असलेल्या तरुणांना होणारा एक प्रकार १९८५ साली जागतिक आरोग्य संघटनेने मानला होता, १९९९ साली यादीतून काढून टाकला, आणि २०२५ साली बँकॉकच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला पाचवा प्रकार म्हणून पुन्हा मान्यता दिली. गरिबाचा रोग असला की त्याला यादीत जागा मिळायलाही चाळीस वर्षे लागतात.

असो. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह टाळता येतो काय? येतो, आणि हे अंदाजाने म्हटलेले नाही. चीनमध्ये डाचिंग येथे १९८६ पासून, मग फिनलंडात, अमेरिकेत उंबरठ्यावरच्या माणसांवर प्रयोग झाले. अमेरिकेतील प्रयोगात वजन शेकडा सात उतरविणे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालणे, एवढ्यावर मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. गोळी दिलेल्या गटात ते ३१ टक्क्यांनी घटले. तुम्ही म्हणाल, तो गोऱ्यांचा देश. तर चेन्नईला डॉ. रामचंद्रन यांनी ५३१ भारतीयांवर तोच प्रयोग केला आणि २००६ साली निष्कर्ष मांडले. तीन वर्षांत, नुसता साधा सल्ला दिलेल्या शंभरांपैकी ५५ जणांना मधुमेह झाला. आहार आणि चालण्याकडे लक्ष दिलेल्या शंभरांपैकी ३९ जणांना. विशेष हे की त्यांचे वजन काही फारसे उतरले नव्हते. म्हणजे बारीक माणसालाही चालण्याचा गुण येतो. कारण सोपे आहे. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट पाहत बसत नाही. तो आपले दार आपणच उघडतो आणि साखर ओढून घेतो. शिवाय पुढचे बरेच तास ते दार थोडे सैल राहते.

सुश्रुताने निर्धन रोग्याला सांगितलेला उपचार ऐकण्यासारखा आहे. पायात जोडे नाहीत, डोक्यावर छत्री नाही, अशा स्थितीत त्याने शंभर योजने चालावे. गाईंच्या मागे हिंडावे. किंवा विहीर खणावी! आपल्या जिल्ह्यात शंभर योजनांची कल्पना कोणाला अशक्य वाटू नये. शेगावची गजानन महाराजांची पालखी दरवर्षी पायी पंढरपूरला जाते आणि परतताना सिंदखेडराजाकडून आपल्याच भागातून मेहकर-खामगावकडे चालत जाते. त्या वारकऱ्यांतले कित्येक मधुमेही मला सांगतात की, वारीत गोळी निम्मी करावी लागते. मात्र सुश्रुताच्या एका सूचनेला मी नम्रपणे विरोध करतो. अनवाणी चालू नका. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना जाते. बाभळीचा काटा तळव्यात मोडून आठ दिवस तसाच राहिलेला आणि ज्याला तो टोचलाच नाही, असा शेतकरी मी पाहिला आहे. त्याचा अंगठा काढावा लागला. रोज रात्री पाय धुताना तळवे पाहावेत. स्वतःला दिसत नसतील तर नातवाला पाहायला सांगावे.

"पण आम्ही तर शेतात राबतो," हा पुढचा आक्षेप. राबतो खरे, पण खरोखर किती, याचा प्रामाणिक हिशेब करा. नांगरट ट्रॅक्टर करतो, पाणी मोटार ओढते, तण फवाऱ्याने जाते, सोयाबीन मळणीयंत्रातून निघते, आणि वावरापर्यंत आपण मोटारसायकलने जातो. सोयाबीन निघाले आणि मागे ओलीत नसले की चार-पाच महिने पानटपरीवर बसूनच जातात. घरी जाते गेले, विहिरीचा रहाट गेला. ते जावेतच, बायांचे कष्ट कमी व्हावेत, त्यात मला आनंदच आहे. पण शरीर अजून जुन्याच हिशेबाने चालते, आणि खाणे मात्र वाढले आहे.

खाण्याविषयी फार न बोलण्याचे मी कबूल केले होते. तरी चहाचे एक गणित मांडतो. दिवसाला पाच कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर; चमचा पाच ग्रॅमचा धरला तर दिवसाला पन्नास ग्रॅम. वर्षाला अठरा किलो साखर एक माणूस नुसत्या चहातून पितो! जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. आपण ती दुपारच्या आत ओलांडतो. गुळाचा चहा घेणाऱ्यांनीही समाधान मानू नये. रक्ताला गूळ आणि साखर यांत फरक करता येत नाही.

भाकरीविषयी लोक मला मोठ्या आशेने विचारतात. ज्वारीची भाकर पांढऱ्या भातापेक्षा किंवा मैद्यापेक्षा निश्चित बरी. पण चार भाकरींची साखर दोन भाकरींच्या दुप्पटच होते. भाकर दोन असाव्यात, आणि बेसन-वरण, मटकी, पालेभाजी, काकडी यांनी ताट भरावे. लग्नसराईतल्या पंगतीत बुंदीचा आग्रह करणारा वाढपी हा माझ्या धंद्याचा मोठा आश्रयदाता आहे.

अलीकडे दिवसातून दोनदाच जेवण्याचा मार्ग खेडोपाडी पोचला आहे. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी तो मांडला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी त्याचा प्रसार केला. मधल्या वेळचा चहा-बिस्किट आणि फराळ त्यामुळे सुटतो, हा त्याचा उघड फायदा आहे, आणि ज्यांना झेपतो त्यांनी जरूर करावा. परंतु साखर उतरविणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना आपल्या मनाने जेवण सोडू नये. साखर एकदम खाली जाऊन माणूस रस्त्यात कोसळतो. डॉक्टरला आधी विचारून गोळी कमी करून घ्यावी. आणि मी सांगितली त्या मुलीसारख्या पहिल्या प्रकारच्या मुलांना कोणाचे पाहून उपास घडवू नयेत. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, कडक अल्पाहाराने वजन उतरविलेल्या रोग्यांपैकी जवळजवळ निम्म्यांची साखर वर्षभरात औषधाशिवाय ताळ्यावर आली. ते सगळे दुसऱ्या प्रकारचे होते, आणि त्यांचा रोग सहा वर्षांच्या आतला होता. त्या चुलत्याची साखर उतरली ती याच न्यायाने.

आपण उंबरठ्यावर आहोत की नाही, हे मात्र तपासल्यावाचून कळत नाही. अंगात काही दुखत नाही, हेच या रोगाचे कपट. उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक, अथवा तीन महिन्यांची सरासरी दाखविणारा आकडा साडेसहा किंवा अधिक आला, तर मधुमेह समजावा. काही लक्षणे नसतील तर तपासणी दुसऱ्यांदा करून खात्री करून घ्यावी. उपाशीपोटी शंभर ते सव्वाशे, किंवा तो दुसरा आकडा ५.७ ते ६.४, हा उंबरठा. तीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य होते. आशाताई घरी येऊन कंबरेचे माप विचारते तेव्हा तिच्याकडे पाहून हसू नये. ज्यांच्या आईवडिलांना हा रोग आहे, ज्यांची कंबर वाढली आहे, ज्या बहिणींची गरोदरपणी साखर चढली होती, त्यांनी दरवर्षी तपासावे.

प्रश्नोत्तरांना वेळ ठेवला आहे असे चिटणीस खुणावीत आहेत. पहिला प्रश्न आमरसाचा असणार हे मला ठाऊक आहे, म्हणून तो विचारण्याआधीच सांगतो. ज्यांची साखर ताळ्यावर आहे त्यांनी आंबा फोडी करून खावा, एका वेळी अर्धा. जेवणाच्या शेवटी नव्हे. जेवणातली एक भाकर कमी करून तिच्या जागी. रसात वरून साखर घालू नये. आणि आखाजीच्या दिवशी रस-पोळीचे जेवण झाल्यावर पलंगावर आडवे न होता उठून मारुतीच्या देवळापर्यंत एक फेरी मारून यावे. ऊन फार असेल तर सूर्य कलल्यावर.